घाटकोपरचा रिकामा खिळा

…नाही पण तुम्हीच सांगा, माणसानं सही करायची तरी कुठं? उजव्या कोपऱ्यात केली, उडाली. डाव्या कोपऱ्यात केली, उडाली. मधोमध केली, तर खरवडून काढली! अहो, सही आहे का बिनतिकिटाचा पॅसेंजर, की दिसला रे दिसला की उतरवा खाली? आणि हे कुणाच्या बाबतीत, तर आमच्या श्यामकांतच्या! ज्याची सही म्हणजे, तुम्हाला सांगतो, बघत राहावी. शेवटच्या अक्षराची जी शेपटी निघायची, ती खालून लांबलचक वळसा घेऊन परत पहिल्या अक्षराला येऊन भेटायची, आणि वर दोन टिंबं. दोन टिंबं कशाला? ते त्याचं त्याला ठाऊक. शाळेत असल्यापासून वह्यांच्या मागच्या पानांवर घोटून घोटून बसवलेली सही होती ती. चित्रं काढायला तो नंतर शिकला, सही आधी. आणि नेमकी तीच छापून येईना! वर पुन्हा सासरे विचारणार, "ते सगळं खरं हो श्यामराव, पण सही कुठंय?"

थांबा, थांबा, सासरे मध्येच आले. ते असेच यायचे.

तर श्यामकांत आमचा मुलुंडचा. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला. दिवसभर फोर्टात एका हापिसात कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी चित्रकार. मुलुंड तेव्हा मुंबईत नव्हतं बरं का! मी सांगतोय ती चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. मुंबई भांडुपाला संपायची, आणि त्यापुढं आम्ही… म्हणून तर जयवंतरावांनी आपल्या साप्ताहिकाचं नाव ठेवलं होतं 'वेशीबाहेर'. जयवंतराव म्हणजे या 'वेशीबाहेर'चे संपादक, वार्ताहर, व्यवस्थापक, सगळं. अग्रलेख तेच लिहिणार, 'एक त्रस्त नागरिक' या सहीनं पत्र तेच लिहिणार, आणि पुढल्या अंकात त्या पत्राला सणसणीत उत्तरही तेच देणार! छापखाना पिठाच्या गिरणीच्या मागच्या शेडमध्ये. त्यामुळं अंक हातात घेतला की बोटं आधी पांढरी व्हायची आणि मग काळी.

गणपतीत श्यामकांतनं मंडपासाठी एक फलक रंगवला होता. तो बघून जयवंतराव म्हणाले, "लेका, हात आहे तुला! माझ्या अग्रलेखाला दर आठवड्याला एक चित्र दे. लोक अग्रलेख वाचत नाहीत रे, चित्र बघून तरी शिव्या देतील." आता अशी मागणी आल्यावर श्यामकांत कशाला थांबतोय? त्यानं तिथल्या तिथं एकच अट घातली, "माझी सही मात्र यायला पाहिजे." जयवंतराव म्हणाले, "चित्रात तू सही करशील ना? मग चित्र आलं की सही आलीच की!"

आलीच की!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या सहीचं? तर त्याचं असं आहे, ही सगळी भानगड घाटकोपरच्या एका खिळ्यापायी होती. श्यामकांतचे सासरे शरच्चंद्र, आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते कोर्टातले रिटायर्ड शिरस्तेदार. जन्मभर कागद दाखल करून घ्यायचे, त्यामुळं सही नसलेला कागद म्हणजे त्यांच्या लेखी रद्दी. लग्नात जावयाला कानमंत्र काय दिला असेल? "श्यामराव, सुखी राहा, आणि कोऱ्या कागदावर कधी सही करू नका." झालं! त्यात राहायला घाटकोपरला. घाटकोपर मुंबईत गेलं तेव्हापासून अण्णा एकदम मुंबईकर झाले होते. लेक माहेरी आली की विचारायचे, "काय गं वसुधा, गावाकडं कसं काय?" गावाकडं म्हणजे मुलुंडला! मधे विक्रोळी, कांजूर न् भांडुप, की आलं मुलुंड! पण नाही, अण्णांना ते गाव.

तर या अण्णांच्या बाहेरच्या खोलीत एक भिंत होती मानाची. तिच्यावर देव होते, कैलासवासी आई होत्या, आणि थोरले जावई विद्याधरपंत होते. म्हणजे ते स्वतः नव्हेत हो! ते जिवंत आहेत. ते ज्या विमा कंपनीत होते तिच्या डायरीत त्यांचं नाव छापून आलं होतं, 'कर्मचारीवर्ग' या मथळ्याखाली, खालून तिसरं. ते पान अण्णांनी काचेत घालून टांगलं होतं. आणि त्याच्या शेजारी, तुम्हाला सांगतो, एक खिळा. नुसता खिळा. रिकामा. श्यामकांत जेवायला गेला की अण्णा पानावर बसता बसता त्या खिळ्याकडं बोट करायचे, "तुमच्यासाठी मारून ठेवलाय हो. वसुधा म्हणत होती आमचे हे चित्रकार आहेत. काही छापून आलं की आणा. आपण लावू." बरं, लग्न ठरताना वसुधानंच बापाला छातीठोकपणे सांगितलेलं, "कारकुनी पोटापुरती, अण्णा. खरे ते चित्रकार आहेत." ती खिळ्याकडं बघायचीच नाही. खाली मान घालून कोशिंबीर वाढत राहायची. श्यामकांतला त्या खिळ्यापेक्षा त्या कोशिंबिरीचं जास्त वाईट वाटायचं.

म्हणून पहिलं चित्र त्यानं जीव ओतून काढलं. विषय काय, तर मुलुंडचे डास. बाजेवर एक माणूस झोपलाय आणि दोन दांडगे डास ती बाज दोन टोकांना धरून माणसासकट उचलून नेतायत, एक दुसऱ्याला म्हणतोय, 'हळू धर, जागा होईल!' काय झकास चित्र! माणसं काढावीत तर श्यामकांतनंच. डाससुद्धा त्यानं माणसासारखेच काढले होते, एकाला तर मिशा होत्या. जनावर मात्र त्याला कधी म्हणजे कधी जमलं नाही. ड्रॉइंगच्या परीक्षेत गाय काढायची होती, तेव्हा सुपरवायझर शेजारी थांबून हळूच म्हणाले होते, "टेबल छान आलंय, पण प्रश्न गाईचा आहे." ते असो. उजव्या कोपऱ्यात सही केली, शेपटी, वळसा, टिंबं, सगळं. चित्र गिरगावात गेलं, त्याचा ब्लॉक होऊन आला… ब्लॉक म्हणजे जस्ताचा पत्रा, लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला, त्याला शाई लावायची आणि छापायचं. शनिवारी अंक आला. श्यामकांतनं उघडला. डास आहेत, बाज आहे, मिशा आहेत… आणि उजव्या कोपऱ्यात? काही नाही! कोपराच नाही!

तसाच धावत गेला छापखान्यात. तिथं गुणाजी. हा जयवंतरावांचा कंपोझिटर, मशीनमन, सुतार, सगळं. मालवणकडचा. शांतपणे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसलेला.

"मास्तरानू, दोन कालमात बसाक होया ना? उजव्या बाजून वायच जास्त होता. तेवढा करवतीन कापलंय. चित्र तसाच आसा बगा, काय्येक बिघडाक नाय."

करवतीन! अहो, चित्र आहे का फणस?

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला अण्णांनी भिंग काढलं. कोर्टातलं भिंग, रिटायर होताना भेट मिळालेलं. चित्रावरून इकडून तिकडं फिरवलं. हसलेसुद्धा, हो, डास बघून हसले, खोटं कशाला बोला! आणि मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "ते सगळं खरं हो श्यामराव, पण सही कुठंय?" श्यामकांतनं करवतीची हकिकत सांगितली. अण्णा म्हणाले, "असं प्रत्येक जण म्हणतो. कोर्टात तर रोज कुणीतरी म्हणायचं, सही होती पण उंदरानं खाल्ली." आणि अंक घडी घालून रद्दीत! खिळा तसाच.

बरं. माणूस अनुभवानं शहाणा होतो की नाही? पुढच्या वेळी श्यामकांतनं सही केली डाव्या कोपऱ्यात. चित्र होतं पाण्याचं. नळाखाली बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या, नळातून फक्त एक गोगलगाय बाहेर येतीय, आणि उजवीकडं एक पुढारी खुर्चीत बसून भाषण देतोय. अंक आला. आणि डावा कोपरा गायब! गुणाजी म्हणतो, "उजव्या अंगाक पुढारी बसलेलो. एवढ्या मोठ्या माणसाक कापूचो कसो? डाव्या अंगाक नुसती कायतरी वेलबुट्टी होती."

वेलबुट्टी! शाळेपासून घोटलेली सही!

आणि घाटकोपरला पुन्हा भिंग, पुन्हा इकडून तिकडं, पुन्हा तेच… "ते सगळं खरं हो, पण…" पुढचं तुम्हाला पाठ झालं असेलच. वसुधाला तर इतकं पाठ झालं होतं की अण्णांनी भिंग उचललं की ती स्वयंपाकघरात निघून जायची.

मग श्यामकांतनं डोकं चालवलं. म्हणाला, कडेला केली की कापतात काय? मग आता करतो मध्ये! कापा म्हणावं मध्ये! त्यानं तिसऱ्या चित्रात पुढाऱ्याला अगदी मधोमध उभा केला आणि सही घातली त्याच्या धोतराच्या निऱ्यांमध्ये. बारीक, पण स्पष्ट. आता चित्र कितीही तासा, पुढारी जाणार नाही, म्हणजे धोतर जाणार नाही, म्हणजे सही जाणार नाही! वकिलालासुद्धा सुचलं नसतं. अंक आला. पुढारी होता, धोतर होतं… शुभ्र! परीटघडीचं! एक रेघ नाही!

"माका वाटला धोतरार डाग पडलो," गुणाजी म्हणाला. "चाकून खरवडून साफ केलंय. एवढो मोठो माणूस, मळक्या धोतरान छापूचो?"

त्या माणसाच्या मनात काही नव्हतं हो! उलट पुढाऱ्याचं धोतर धुऊन दिल्याचा आनंद होता त्याच्या तोंडावर. श्यामकांत जयवंतरावांकडं गेला, म्हणाला, "साहेब, तुम्ही चित्राखाली आपलं साध्या टायपात नाव द्या ना माझं." जयवंतरावांनी चष्मा वर केला. "तुझं दिलं तर मग ज्यानं जे लिहिलंय त्याचं नाव द्यायला पाहिजे की नको? पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माझंच नाव येईल! लोकांना कळेल ना रे, की 'वेशीबाहेर'मध्ये दुसरं कुणी नाही!" मुद्दा बिनतोड होता. श्यामकांत घरी आला.

त्यात भर काय, तर ब्लॉक महाग, म्हणून जयवंतराव जुनाच ब्लॉक पुन्हा वापरायचे, फक्त खालची ओळ बदलून! त्या डासांच्या चित्राखाली एकदा छापलं, 'काळाबाजारवाले गरिबाला लुटताना.' पुढं एकदा, 'परीक्षेच्या ओझ्यानं झोपलेला विद्यार्थी.' आणि दिवाळी अंकात तर, 'सर्व वाचकांना व हितचिंतकांना शुभेच्छा!' अण्णांनी रद्दीतला पहिला अंक काढून चारही शेजारी शेजारी मांडले आणि श्यामकांतला विचारलं, "यातला खरा मजकूर कोणता? आणि…" हो, तेच!

त्या संध्याकाळी मात्र श्यामकांत खरंच हिरमुसला. परत आल्यावर टाक-दौत कपाटात ठेवून दिली. "वसुधा, मी सोडतो हे. मी काय सहीसाठी चित्रं काढतो का?" वसुधा म्हणाली, "नाही तर काय?" मग तीच म्हणाली, "अहो, मला माहितीय चित्रं तुमची आहेत. मला सही नको. पण अण्णांपुढं मी एकदा शब्द टाकलाय ना… तो खाली पडलेला बघवत नाही मला." असं म्हणाली आणि कपाटातून टाक-दौत काढून पुन्हा टेबलावर ठेवली. आम्ही भिंतीपलीकडं होतो, म्हणून ऐकू आलं. आम्ही काही कान लावून ऐकत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी वसुधा छापखान्यात! डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन. श्यामकांत हापिसात, त्याला पत्ता नाही. गुणाजीसमोर डबा ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, तुमचं कापणं, तासणं जे काय असेल ते असू दे. पण ह्यांची सही तेवढी जाऊ देऊ नका. एवढं करा माझ्यासाठी." गुणाजीनं करंजी खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, म्हणे गावची आठवण झाली. छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनीनू, तुमी काय्येक काळजी करू नकात. आता सही जावची नाय. गुणाजीचो शबूद आसा!"

आणि तुम्हाला सांगतो, गुणाजी शब्दाचा पक्का.

इकडं श्यामकांतनं जे चित्र काढलं ना त्या आठवड्यात… मी काही चित्रकलेतला नाही, पण तसं चित्र त्यानं आधी काढलं नाही आणि नंतरही नाही. मुलुंडच्या रस्त्यावरच्या दिव्यांवर अग्रलेख होता. मिट्ट काळोख, रस्त्यावर एक उंच खांब, आणि त्याच्यावर एक म्हातारा कंदील तोंडात धरून चढलाय, वर दिवा आहे की नाही ते बघायला! बस्स. खाली एक शब्द नाही. बघितलं की आधी हसू यायचं, आणि मग आपणच जाऊन खांब धरावासा वाटायचा. माझ्या बायकोनं तर बघून विचारलं, "पडणार नाहीत ना हो ते आजोबा?" आणि खांबाच्या खाली, अगदी तळाला, सही.

शनिवारी अंक आला. पहिल्या पानावर खांब, म्हातारा, कंदील… झकास छापलेलं! आणि तळाला? तळच नाही. खांब अधांतरी.

श्यामकांतनं अंक गादीखाली सारला.

तर रविवारी सकाळी, बघतो तर काय, अण्णा! अण्णा मुलुंडला! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण लेकीच्या बिऱ्हाडी कधी पाय नाही ठेवला, दर वेळी 'गावाकडं येणं व्हायचं नाही' म्हणायचे, ते अण्णा छत्री टेकत जिना चढून वर! घाटकोपरला पोस्टानं अंक जायचा त्यांना. तो हातात. दाराशीच उभे राहून ओरडले, "श्यामराव! सही!"

श्यामकांतला वाटलं, आता विचारायलासुद्धा घरी येतात की काय!

"अहो, सही आली! ठसठशीत आली! तिसरं पान बघा!"

श्यामकांतनं गादीखालचा अंक ओढून काढला, तिसरं पान उघडलं. वरच्या बाजूला मोठ्या टायपात, 'म्हैस हरवली आहे.' खाली म्हशीचं चित्र. आणि चित्राखाली… शेपटी, वळसा, दोन टिंबं! सही! त्याचीच! इतकी स्पष्ट की टिंबंसुद्धा मोजून घ्यावीत!

म्हैस कुणाची? अहो, ती म्हैस छापखान्यातली! जयवंतरावांनी जुनं मशीन घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर आलेला तयार ब्लॉक होता तो. आधीचा मालक पेंडीच्या दुकानाची पत्रकं छापायचा, त्या वेळचा. म्हशीची जाहिरात आली की गुणाजी तीच म्हैस लावणार. आणि सही? ती कशी आली ते नंतर गुणाजीनंच सांगितलं, "वहिनीनू सांगितल्यानी, सही जावची नाय. मगे? गेली काय? चित्र खालच्या बाजून लांब होता, तेवढा कापूक लागला. पण सही फेकूक नाय! कागदात बांधून खिशात जपून ठेवलंय. मगे तिसऱ्या पानार म्हशीखाली जागा गावली. कशी ठळक इली बगा!" शब्दाचा पक्का म्हटलं ना मी?

पण हे सगळं अण्णांना कोण सांगणार? अण्णांनी खुर्ची ओढली, भिंग काढलं. "श्यामराव, माझ्यासमोर एक सही करा." श्यामकांतनं अंकाच्या कडेला केली. अण्णांनी दोन्ही सह्यांवरून भिंग फिरवलं, शेपटी बघितली, वळसा बघितला, टिंबं बघितली, आणि मान डोलावली. "तीच. पटली." असे म्हणाले, की समोर आरोपी असता तर हातापाया पडला असता! आणि मग उठून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "म्हैस काय काढलीत हो! जिवंत! नाहीतर ती मागची चित्रं…"

"अण्णा," श्यामकांत म्हणाला, "पहिल्या पानावरचं चित्र बघितलंत का? तो कंदीलवाला…"

"बघितलं. कुणाचं आहे कोण जाणे. बिनसहीचं आहे." आणि अण्णा पुन्हा म्हशीकडं.

श्यामकांतनं धीर एकवटला. खरा माणूस हो तो! म्हणाला, "अण्णा, खरं सांगतो, ही म्हैस माझी नाही."

"अहो, तुमची कशी असेल? तबेल्यातली आहे! खाली पत्ता दिलाय की!"

आणि नेमका… पण नशीब बघा ना कसं असतं… नेमका त्याच वेळी तबेल्याचा मालक दारात! भय्याजी, हातात चिकाची किटली. छापखान्यात चौकशी करत करत आलेला. "भैंस मिल गई साब! भांडुप में एक आदमी फोटो देख के पहचान गया! किसने बनाया? ये साब ने? अरे वाह, क्या भैंस बनाई! एकदम मेरी गौरी!" अहो, त्या ब्लॉकमधल्या म्हशीत अख्ख्या जिल्ह्यातली कुठलीही म्हैस ओळखू आली असती! पण भय्याजींनी श्यामकांतचे दोन्ही हात धरले, किटली वसुधाच्या हातात दिली, आणि जाता जाता म्हणाले, "बाकी की भी बनवाएंगे आप से!"

आता मात्र श्यामकांतनं वसुधाकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. तिला नाही कळणार तर कुणाला? तिनं त्याला खांबाखाली सही करताना बघितलं होतं. पण ती अण्णांकडं बघत होती. अण्णा तिला म्हणत होते, "वसुधा, तू म्हणालीस ते खरं झालं गं. माझीच चूक. चित्रकारच आहेत." आणि वसुधाच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ना, ते बघून श्यामकांतनं तोंडातलं वाक्य गिळलं. काय करणार? तुम्ही काय केलं असतंत?

खरवस झाला. आम्हालाही वाटीभर आला. छान झाला होता.

पुढल्या रविवारी घाटकोपर. भिंतीवर देव, कैलासवासी आई, विद्याधरपंत खालून तिसरे, आणि त्या खिळ्यावर सोनेरी चौकटीत, काचेत, म्हैस! 'शोधून देणारास योग्य बक्षीस' या ओळीसकट! अण्णांनी शेजारीपाजारी बोलावून ठेवलेले. एकेकाला भिंग द्यायचे. विद्याधरपंत वाकून बघून म्हणाले, "डोळे फार बोलके आहेत." श्यामकांत पानावर बसला होता. वसुधानं ताठ मानेनं कोशिंबीर वाढली, आणि ती त्याला पहिल्यांदा गोड लागली. तेवढ्यात अण्णा उभे राहिले. "मंडळी," म्हणाले, "गुढीपाडव्याला सगळ्यांनी पुन्हा यायचं. आमचे श्यामराव तुमच्या डोळ्यांदेखत एक मोठी म्हैस काढून दाखवतील. भिंतीएवढी. मी कागद आणून ठेवलाय." टाळ्या! विद्याधरपंतांच्या सगळ्यांत जोरात!

वाट लागली!

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, दर सुट्टीला आमचा श्यामकांत कुठं दिसायचा? तबेल्यात. उपडी बादली घेऊन गौरीसमोर बसलेला, मांडीवर फळी, फळीवर कागद. पाय काढायला गेला की टेबल व्हायचं. शिंगं काढायला गेला की सायकलचं हँडल व्हायचं. गौरी रवंथ करत त्याच्याकडं बघायची, तो तिच्याकडं. भय्याजी दूध काढता काढता म्हणायचे, "साब, इतना क्या देख रहे हो? पहले तो बिना देखे बनाया था!" तो बिचारा पुन्हा पाय खोडून काढायचा. अण्णांनी लग्नात बजावून सांगितलं होतं, कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणून. आणि जावयानं नेमकं तेच करून ठेवलं होतं… सही करून झाली होती, चौकटीत बसवून खिळ्यावर लागलीसुद्धा होती, आणि म्हैस तेवढी काढायची राहिली होती.